चूल, सोयरीक आणि सातबारा

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघाले की वाटेत अडाण नदीच्या काठी बोरी अरब लागते. दारव्हा तालुक्यातले गाव, पिके कापूस, तूर, सोयाबीन. अशा गावातला मुलगा बी. ए.ला समाजशास्त्र घेतो तेव्हा सुरुवातीलाच त्याच्यापुढे चार शब्द येतात : कुटुंब, विवाह, धर्म, शिक्षण. प्रत्येकाची व्याख्या, वैशिष्ट्ये, प्रकार, कार्ये. तो ती पाठ करतो, पेपरात उतरवतो आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच चार शब्दांमध्ये राहतो. पुस्तकातले कुटुंब आणि ओसरीवर बसलेले कुटुंब यांची गाठ मात्र त्याला कोणी घालून देत नाही. ती घालण्याचा हा प्रयत्न आहे.

एकत्र कुटुंबाची जी व्याख्या आपल्याकडे सर्वाधिक शिकवली जाते ती इरावती कर्वे यांची. १९५३ साली भारतातील नातेसंस्थेवरच्या ग्रंथात त्यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या : एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, एकत्र पूजा आणि रक्ताचे नाते. खुणा नेमक्या आहेत. पण वऱ्हाडात त्या सगळ्या एकाच घरी क्वचित सापडतात. भाऊ वेगळे निघतात तेव्हा आधी चूल वेगळी होते. सातबारा पुढे कित्येक वर्षे बापाच्याच नावावर राहतो, सोसायटीचे कर्जही त्याच नावावर. एक भाऊ पुण्याला कंपनीत असतो आणि मृग लागला की बियाण्याला पैसे पाठवतो. पोळ्याला आणि लग्नाकार्याला सारे पुन्हा एका पंगतीत बसतात. हे कुटुंब विभक्त म्हणायचे की एकत्र?

आय. पी. देसाई यांना गुजरातेतल्या महुवा गावात हाच पेच पडला होता. १९६४च्या त्यांच्या अभ्यासाने दाखवले की एकत्रपणा छपरावरून मोजता येत नाही. तो देण्याघेण्यावरून आणि एकमेकांच्या जबाबदारीवरून मोजावा लागतो. ए. एम. शहा यांनी १९७३मध्ये घर आणि कुटुंब या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. आपल्या खेड्यातल्या बाईला हा भेद पुस्तकावाचून कळतो. ‘चूल वेगळी, पण घर एकच’ असे ती म्हणते, तेव्हा देसाई आणि शहा दोघांचेही म्हणणे तिने एका वाक्यात सांगितलेले असते.

विवाहाकडे वळताना ९ मे १९१६ ही तारीख विसरून चालणार नाही. त्या दिवशी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्यामुळे, हे त्याचे मर्म. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथाही त्याच बंधनासाठी उभ्या राहिल्या, असे त्यांनी मांडले. बाईवरचा पहारा आणि जातीची भिंत एकाच विटांनी बांधलेली आहे, हे एवढे स्पष्ट त्याआधी कोणी सांगितल्याचे मला दिसत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात तर सोयरिकीचे नियम समाजागणिक बदलतात. गोंडांमध्ये चार देव, पाच देव, सहा देव, सात देव असे गट आहेत आणि एकाच गटात लग्न होत नाही. तांड्यावर बंजाऱ्यांमध्ये राठोडांची मुलगी राठोडांकडे दिली जात नाही. कुणबी घरांत मामाच्या मुलीवरचा हक्क आजही बोलण्यात येतो. १९५५चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही, त्यामुळे तिथे रूढी हाच कायदा. या सगळ्या चौकटींच्या मधोमध १९४१मध्ये याच जिल्ह्यातल्या गहुलीच्या वसंतराव नाईकांनी वत्सला घाटे यांच्याशी लग्न केले. एक बंजारा, दुसऱ्या ब्राह्मण. पुढे ते अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले. चौकट मोडणाऱ्याला समाज नंतर डोक्यावरही घेतो, एवढे तरी यातून दिसते.

आज प्रश्न वेगळाच उभा आहे. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले, तेव्हा अनेकांनी ती बातमी गमतीने वाचली. ती गंमत नव्हती. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. गर्भात नाकारलेल्या मुलींचा हिशेब आता बोहल्याशी लागतो आहे. आणि ज्या मुली आहेत त्यांनी आईचे आयुष्य पऱ्हाटीच्या ओळीत वेचणी करताना पाहिले आहे. त्या शेतकरी नवरा नको म्हणतात, तर त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

धर्माविषयी थोडक्यात. एमिल दुर्खीम म्हणाला की धर्म माणसांना एका नैतिक समुदायात बांधतो. रामनवमीला बंजाऱ्यांचे तीर्थ असलेल्या पोहरादेवीला लोटणारे तांडे पाहिले की ते पटते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात आंबेडकरांनी अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला, त्याने तर लाखो घरांचे देव्हारे, लग्नाचे विधी आणि मुलांची नावेही बदलली. पण धर्माची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. कुणब्यांत विधवेचा पाट, म्हणजे पुनर्विवाह, लागत असे, विदर्भात त्याला मोहतूर म्हणत. वरच्या जातींसारखे दिसण्याच्या ओढीत अनेक घरांनी ते कमीपणाचे मानले आणि सोडले. एम. एन. श्रीनिवास यांनी या प्रक्रियेला संस्कृतीकरण म्हटले. त्याची किंमत बाईने मोजली.

शिक्षणाची आशा इथे किती खोल आहे हे विद्यापीठाच्या नावावरूनच कळते. अमरावती विद्यापीठाला गाडगेबाबांचे नाव आहे, ज्यांनी स्वतः शाळा पाहिली नाही आणि कीर्तनात मात्र पोरांना शाळेत घाला म्हणून लोकांना हात जोडले. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मागितले होते : आधी खेड्यातल्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्या. आज आश्रमशाळा आहेत, मुलींना एसटीचा मोफत पास आहे. तरीही मुलीचे शिक्षण कुठे तुटते? बस वेळेवर न आल्याने, वेचणीला हात कमी पडल्याने, चांगले स्थळ आल्याने. म्हणजे शिक्षणाचा निर्णय शाळेत होत नाही, तो कुटुंबात आणि सोयरिकीत होतो.

या चारही संस्थांची खरी परीक्षा घरातला कर्ता पुरुष गेल्यावर होते, आणि यवतमाळ जिल्ह्याने ती फार वेळा पाहिली आहे. शेतकरी आत्महत्येनंतरच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र ठरवताना जमीन कोणाच्या नावावर आणि कर्ज कोणाच्या नावावर हे पाहिले जाते. जमीन सासऱ्याच्या नावावर, कर्ज सावकाराचे, आणि पेरणीपासून वेचणीपर्यंत राबलेल्या बाईचे नाव कुठल्याच कागदावर नाही. पुस्तकातल्या व्याख्येत ती पत्नी, माता आणि संस्कार करणारी. तलाठ्याच्या दप्तरात ती नाहीच.

शेतकरी संघटनेने १९८६च्या चांदवड अधिवेशनात बायकांचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली. संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या शब्दाखातर हजारो शेतकऱ्यांनी जमीन बायकोच्या नावे केली. १९९२मध्ये शासनानेही लक्ष्मीमुक्तीचा निर्णय काढला. त्याप्रमाणे पतीने स्वतः अर्ज केला तर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागू शकते. या दिवाळीत पाडव्याला बायको ओवाळील, तेव्हा साडीबरोबर तो अर्जही तिच्या ताटात ठेवा आणि सुट्टी संपली की दोघे मिळून तलाठी कार्यालयात जा.