चार्जिंग होते, पण दाखवत नाही

"भाऊ, चार्जिंग तं होऊन राह्यलं, पण काम्पुटरात दाखवून नाही राह्यला."

खामगाव घ्या, मलकापूर घ्या, नाहीतर घाटावरचं चिखली किंवा मेहकर. बुलढाणा जिल्ह्यातल्या बसस्टँडसमोरच्या मोबाइल दुकानांत २००५ नंतरची दहा-बारा वर्षं हे वाक्य रोजचं होतं. हातातली वस्तू बदलायची. कधी पट्टीला अडकवायचा चिनी एमपीथ्री प्लेअर, कधी पुण्याला शिकायला गेलेल्या पोराचा आयपॉड, बहुतेक वेळा बटणांचा मोबाइल. तक्रार मात्र तीच असायची. दुकानदाराला ती आवडायची, कारण अर्धं निदान गिऱ्हाइकानेच करून आणलेलं असे. चार्जिंग होतं म्हणजे वीज पोचते. दाखवत नाही म्हणजे निरोप पोचत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी दोष लपलेला असायचा, आणि तो शोधण्याची कला या काउंटरांवर कोणत्याही अभ्यासक्रमाशिवाय तयार झाली.

दुकानाबाहेर पाटी असे: 'गाणी भरून मिळतील'. आत झाकण काढलेला सीपीयू, त्यातून लोंबणाऱ्या तारा आणि खिळ्याला किल्ल्यांसारखा टांगलेला केबलींचा घोस. कॉपीराइटच्या १९५७ सालच्या कायद्यात हा धंदा बसत नव्हता, हे स्पष्टच सांगायला हवं. पण यूएसबी नावाची गोष्ट गावोगावच्या माणसाच्या हाती आली ती इथेच, आणि ती बिघडते कशी हेही त्याला इथेच कळलं.

रेकॉर्ड केलेल्या संगीताशी या जिल्ह्याचं नातं जुनं आहे. सिंदखेडराजात जन्मलेले आणि मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशींच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर आली, आणि मराठी भावगीताची सुरुवात अनेक जण तिथूनच मानतात. त्या तबकडीत गाणं आणि वस्तू एकच होतं. तबकडी हातात असली की गाणं हातात. पुढे कॅसेट आली तरी हा करार टिकला. फीत गुंतली तर पेन्सिल घालून गुंडाळता यायची. एमपीथ्रीने तो करार मोडला. गाणं आता कुठल्यातरी संगणकात राहू लागलं आणि प्लेअरपर्यंत यायला त्याला एक तार लागू लागली.

खामगावच्या माणसाला ही अडचण निराळी समजावून सांगायला नको. मुंबई-नागपूर रेल्वेची मुख्य लाइन त्याच्या गावाला टाळून गेली. १८७० पासून जलंबहून येणारा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा त्याला जगाशी जोडतो. बुलढाणा शहरात तर रेल्वेच नाही. मोठी लाइन कितीही चांगली असो, फाट्यावर खोळंबा झाला की सगळं तिथेच अडतं.

यूएसबीचा हा फाटा आला १९९६ मध्ये. त्याआधी संगणकाच्या पाठीला कीबोर्ड, प्रिंटर, मोडेम अशा प्रत्येकाचं भोक वेगळं असे. १९९८ मधला डायमंड रिओ हा सुरुवातीचा एमपीथ्री प्लेअर तर प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला जोडावा लागे. सगळ्यांसाठी एकच जोडणी करण्याच्या इंटेलमधल्या कामात बडोद्याचे अजय भट्ट आघाडीवर होते. पिन उलटी घातली की जात नाही, मग सरळ केली तरी जात नाही, पुन्हा उलटी केली की जाते, या जगभरच्या वैतागाचं कारण त्यांनी पुढे सांगितलं आहे: दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट दुप्पट लागली असती आणि खर्चही दुप्पट झाला असता. स्वस्तात बसवलं म्हणून ते सगळीकडे पोचलं. खामगावच्या टपरीपर्यंतसुद्धा.

केबल कापून पाहिली तर आत चार तारा निघतात. लाल तारेतून पाच व्होल्ट येतात, काळी परतीची. पांढरी आणि हिरवी या जोडीतून माहिती जाते. चपट्या मोठ्या पिनेत डोकावलं तर चार पितळी पट्ट्या दिसतात, आणि नीट पाहिलं तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा साधारण एक मिलिमीटरने लांब असतात. हे मुद्दाम केलेलं आहे. पिन आत सरकताना आधी वीज पोचावी, उपकरण जागं व्हावं आणि मगच बोलणं सुरू व्हावं, अशी ती रचना. त्यामुळे पिन पूर्ण बसली नाही, पोर्टच्या तळाशी कचरा अडला किंवा जाड कव्हरने तिला पुढे जाऊ दिलं नाही, तर कडेच्या पट्ट्या टेकतात आणि मधल्या अधांतरी राहतात. चार्जिंग होतं, दाखवत नाही. गिऱ्हाइकाच्या त्या वाक्याचं मूळ पुष्कळदा या एका मिलिमीटरात असायचं.

पूर्ण बसल्यावर पुढचं नाट्य सेकंदाच्या आत उरकतं. प्लेअर माहितीच्या एका तारेला दीड किलोओहमच्या रोधातून वर ओढतो. म्हणजे दारावर टकटक करतो. संगणक विचारतो, कोण? प्लेअर नाव, कंपनीचा क्रमांक, आपण कोणत्या प्रकारचं उपकरण आहोत आणि किती वीज लागेल ते सांगतो. ओळख पटली की त्याला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात, तोवर फक्त १००. टकटक ऐकू आली पण पुढचं बोलणं अडखळलं, तर विंडोजच्या कोपऱ्यात 'डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा पिवळा फुगा येतो. टकटकच झाली नाही, तर काहीच येत नाही.

सराईत दुकानदाराचं पहिलं लक्ष म्हणूनच पडद्याकडे नसे. कान स्पीकरकडे असत. पिन लावताच 'टुंग' वाजलं तर दोष सॉफ्टवेअरकडे. वाजलं नाही तर तारेकडे. वाजलं, लगेच उलटा सूर आला, पुन्हा वाजलं, तर तार कुठेतरी लूज. मग तो पिनेजवळचा भाग दोन बोटांत धरून हळूच वाकवी. दहातल्या आठ केबली तिथेच मरतात, असं या धंद्यातला कोणीही छातीठोक सांगेल. आकडा मोजलेला नसतो, जागा मात्र बरोबर असते. पिन ताठ, तार मऊ, आणि दोघींच्या सांध्यावर रोजचं वाकणं. पातळ पांढरी-हिरवी तार आधी तुटते.

त्यानंतर अदलाबदली. घोसातली खात्रीची केबल लावायची. तिने चाललं तर विषय संपला. नाही चाललं तर तीच केबल दुसऱ्या पोर्टला, मग तोच प्लेअर दुसऱ्या संगणकाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा इथला शिस्तीचा नियम. नवशिका पोरगा केबल आणि पोर्ट एकदम बदलायचा आणि दुरुस्त होऊनही नेमकं काय बिघडलं होतं ते सांगू शकायचा नाही. 'मागच्या पोर्टाले लाव' हा सल्लाही अंधश्रद्धा नव्हता. पुढची भोकं कॅबिनेटच्या आतल्या आणखी एका हलक्या तारेने मदरबोर्डला जोडलेली असतात, मागची थेट बोर्डावर. आत फिरती हार्डडिस्क असलेल्या जुन्या आयपॉडला हा फरक चांगलाच जाणवे.

केबल नवी आणि तरी दाखवत नाही, हा प्रकार सगळ्यात चीड आणणारा. आठवडी बाजारात ढिगाने विकल्या जाणाऱ्या कित्येक केबलींत पांढरी आणि हिरवी तार नसतेच. त्या फक्त चार्जिंगच्या. बाहेरून फरक कळत नाही, फार तर तार जरा बारीक लागते. मल्टिमीटर असलेला दुकानदार दोन्ही टोकांना सुया लावून बीप ऐकतो, नसलेला आपल्या फोनला लावून पाहतो आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतो, "हे डाटा केबल नाहीच."

पोर्टातल्या कचऱ्याला इथे प्रदेशाची छाप असते. घाटाखालचा पूर्णेकाठचा पट्टा म्हणजे कापूस आणि जिनिंग. शर्टाच्या खिशात वावरणाऱ्या फोनच्या पोर्टात कापसाचे तंतू शिरतात, त्यावर घाम आणि काळ्या मातीची धूळ बसते, आणि पिनेच्या दाबाने त्याची घट्ट गादी होते. सुई नको, टूथपिक घ्यायची, फोन बंद करून हलक्या हाताने गादी उचकटायची. तीन मिनिटांच्या या कामाचे पैसे मागताना दुकानदारालाच संकोच वाटे. नव्या पोर्टाच्या तयारीने आलेलं गिऱ्हाईक मात्र खूश.

पोर्ट खरंच झिजतात. मिनी यूएसबी सुमारे ५,००० वेळा लावण्या-काढण्यासाठी ठरवलेली होती. २००७ मधल्या मायक्रो यूएसबीने ती मर्यादा १०,००० वर नेली आणि एक शहाणपणाचं काम केलं. झिजणारी स्प्रिंग उपकरणातून काढून केबलच्या पिनेत घातली. मरायचं तर महाग फोनाऐवजी स्वस्त केबलने मरावं. पिन दोन दिवसांत ढिली होते म्हणून केबलीला शिव्या घालणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

तार ठीक, पोर्ट ठीक, आवाजही येतो, तरी गाणी दिसत नाहीत, तेव्हा दुकानदार खुर्ची पुढे ओढायचा. विंडोज ९८ असेल तर प्रत्येक प्लेअरचा ड्रायव्हर सीडीवरून घालावा लागे. एक्सपीवर निराळीच गंमत. नवा आलेला ड्राइव्ह कधीकधी आधीच नेटवर्कला दिलेलं अक्षर धरून बसायचा आणि अदृश्य व्हायचा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन अक्षर बदललं की प्रकट. काही प्लेअर साध्या पेनड्राइव्हसारखे उघडत, काही एमटीपी पद्धतीने बोलत आणि एक्सपीवर विंडोज मीडिया प्लेअर १० नसेल तर गप्प बसत. आयपॉडचा तोरा सगळ्यांत मोठा. फाइल टाकली की वाजली, हे त्याला मान्य नव्हतं; सगळं आयट्यून्समधून. दुकानातल्या संगणकाला जोडला की तो विचारायचा, आधीची गाणी पुसून इथली भरू का? घाईत 'हो' म्हटलेल्या कितीतरी पोरांचा पुण्यातल्या गाण्यांचा संग्रह असा एका क्लिकमध्ये गेला असेल.

भारनियमनाने यात भर घातली. दोन जीबीच्या कार्डात साधारण चारशे गाणी मावत. जुन्या यूएसबी १.१ पोर्टवर ती भरायला अर्ध्या तासाहून जास्त लागे. तेवढ्यात एसटी निघून जायची, नाहीतर वीज. कॉपी चालू असताना वीज गेली की कार्डातली फाइलींची यादी अर्धवट लिहिलेली राही. पुढच्या वेळी कार्ड घातलं की संगणक म्हणे, फॉरमॅट करा. इथे घाई करणारा आणि थांबणारा असे दुकानदारांचे दोन वर्ग पडत. थांबणारा आधी चेकडिस्क चालवायचा, आणि लग्नाचे फोटोही त्याच कार्डात असल्याचं बहुतेक वेळा तेव्हा उघड व्हायचं.

मग व्हायरस. एका काउंटरवर दिवसाला कित्येक कार्डं लागत, म्हणजे साथ पसरायला याहून चांगली जागा नाही. फोल्डर गायब, त्यांच्या जागी शॉर्टकट. काळ्या पडद्यावर 'ॲट्रिब' ही आज्ञा तिच्या सगळ्या शेपट्यांसह टाइप करणारी मुलं इंग्रजीत एरवी काठावर पास होणारी असत. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हचं आपोआप चालू होणं अपडेटमधून बंद केलं. पण अपडेट घेणारे संगणक या काउंटरांवर होते कुठे?

सगळ्यांत स्थानिक तक्रार शेगावच्या बाजूची. दासगणूंच्या 'गजानन विजय' ग्रंथाचे अध्याय २१. पारायण ऐकण्यासाठी ते पेनड्राइव्हमध्ये भरून नेले, आणि घरी स्पीकरवर पहिल्यानंतर थेट दहावा अध्याय लागला. तार खराब, पेनड्राइव्ह खराब, असं म्हणत माणूस परत. दोष दोघांचाही नसे. फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली की पुष्कळशी यंत्रं ती अक्षरांच्या क्रमाने लावतात: १, १०, ११, असं करत १९, मग २. आणि स्वस्त प्लेअर तर नावाकडे बघतच नाहीत. कार्डावर ज्या क्रमाने लिहिलं त्या क्रमाने वाजवतात. ०१, ०२ अशी नावं देऊन, कार्ड रिकामं करून, अध्याय ओळीने भरायचे, एवढाच उपाय.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि गाणी भरण्याची गरजच विरत गेली. पाट्या उतरल्या, त्याच काउंटरवर स्क्रीनगार्ड आणि रिचार्ज आले. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉडही बंद केला. ट्रॅक्टरवरचे डेक आणि भजनी मंडळांचे स्पीकर मात्र अजून पेनड्राइव्हवर आहेत, आणि तिथे नवी खोडी निघाली आहे. ६४ जीबीची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात, जुना डेक फक्त फॅट ३२ ओळखतो, आणि विंडोज ३२ जीबीच्या वर फॅट ३२ करून देण्याची सोय साध्या खिडकीत ठेवत नाही. ट्रॅक्टरवाल्याला एवढं ऐकवण्यापेक्षा दुकानदार त्याला जुनं आठ जीबीचं कार्ड काढून देतो.

एका बाबतीत जुनं वाक्य परत आलंय. भरतीचे, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवसांत पोरं सेवा केंद्रात येतात. फोटो आणि सही फोनमध्ये. केबल टाइप-सी, चोवीस संपर्कांची, उलटसुलट कशीही बसणारी. फोनवर चार्जिंगची खूण उमटते, संगणकात काही येत नाही. अँड्रॉइड ६ पासून फोन आधी फक्त चार्जिंगच घेतो. फाइली द्यायच्या की नाही, हे मालकाने सांगायचं असतं. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणतो, "वरून पट्टी खाली ओढ. फाइल ट्रान्सफर दाब."

पोरगा दाबतो. स्पीकरमधून 'टुंग' येतं.