नवी लहान की जुनी मोठी?

उसाचे बिल हाती पडले की घरात फटफटीचा विषय निघतो. नवी शंभर सीसी घ्यावी की वापरलेली साडेतीनशेची बुलेट? टोकावड्याहून मुरबाड आणि शेताचा बांध एवढीच रोजची धाव असेल तर आम्ही नवी लहानच सुचवू. स्प्लेंडर सुमारे ११२ किलोची, बुलेट १९० च्या आसपास. चिखलात रुतली तर एकट्याला निघत नाही, शिवाय पेट्रोलही जास्त पिते. माळशेज घाट डबलसीट नेहमी चढायचा असेल तर मोठीचा जोर कामी येतो. मात्र जुनी घेताना नोंदणीची १५ वर्षांची मुदत, कर्जाचा बोजा व विमा तपासा. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पुरते पैसे देऊ नका. हौसेला मोल नसते हे खरे. पण पुढच्या लागणीच्या बेण्या-खताचा पैसा गाडीत घालू नये.