पट्ट्या दोनच राहिल्या, म्हणून काय झालं?

मैत्रिणींनो, मोबाइलने आपल्या सगळ्यांना एक सवय लावून ठेवली आहे. बॅटरीचं चित्र लाल झालं की जीव खालीवर होतो आणि आपण हातातलं काम टाकून चार्जर शोधायला लागतो. घरातल्या इन्व्हर्टरचंही तेच. बॅटरी उतरली म्हणजे आता सगळं बंद पडणार, हे डोक्यात पक्कं बसलं आहे. हीच सवय घेऊन आपण हायब्रीड गाडीत बसलो की मात्र घोटाळा होतो.

आमच्या वाशीत पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणाऱ्या या गाड्या आता सोसायटी-सोसायटीत दिसतात. तुमच्या गावातही एखादी आली असेल, नाहीतर दिवाळीला लेक-जावई घेऊन येतील. म्हणून हा विषय.

आमच्या महिला मंडळातल्या एका मैत्रिणीची गोष्ट सांगते. बाई पंचेचाळिशीच्या, गाडी चालवण्यात तरबेज. आठवड्यातून दोनदा वडिलांना व्यायामोपचारासाठी नेरूळला न्यायच्या. घरात नवी हायब्रीड आली. मे महिन्यातली दुपार, पाम बीच रोडचा सिग्नल, एसी सुरू, मागे वडील. समोरच्या पडद्यावर बॅटरीच्या पट्ट्या भराभर उतरून दोनवर आल्या. बाई घाबरल्या. एसी बंद केला, गाडी कडेला घेतली आणि ऑफिसात नवऱ्याला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "तरी सांगत होतो, ही गाडी तुझ्या हातची नाही." त्या दिवसापासून गाडीची किल्ली खिळ्यावर लटकली ती तीन महिने. वडिलांना रिक्षाने न्यायचं, जिना उतरल्यावर रिक्षाची वाट बघत उन्हात उभं करायचं. आणि गाडी? ती खाली धूळ खात उभी.

गंमत म्हणजे त्या दुपारी गाडीला काहीसुद्धा झालेलं नव्हतं. ती तिचं काम चोख करत होती.

मी आर्ट्सची, विज्ञान दहावीतच सुटलं. पण गाडीबरोबर येणारी पुस्तिका शांतपणे वाचली, जाणत्या मेकॅनिकला चार प्रश्न विचारले आणि लक्षात आलं की हा हिशेब तर आपण रोज घरात करतो. पेट्रोलची टाकी म्हणजे बँकेतलं खातं आणि बॅटरी म्हणजे कमरेचा बटवा. बटव्यात सुट्टे पैसे येतात, जातात. भाजी घेतली की कमी होतात, कुणी उरलेले परत दिले की वाढतात. बटवा हलका झाला म्हणून संसार बुडाला असं आपण म्हणत नाही. खात्यात शिल्लक आहे की नाही, ते महत्त्वाचं. हायब्रीड गाडीत नजर ठेवायची ती पेट्रोलच्या काट्यावर. बटव्याचं गाडी स्वतः बघते.

हा बटवा केवढा लहान असतो तेही सांगते. २०२२ मध्ये टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा या गाड्या आल्या. त्यांच्या स्ट्राँग हायब्रीड प्रकारातली बॅटरी आहे ०.७६ किलोवॅट-अवरची. घाबरू नका, किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलावरचं एक युनिट. म्हणजे सगळी बॅटरी मिळून पाऊण युनिट! एवढ्या विजेवर २००० वॅटचा गिझर जेमतेम २३ मिनिटं चालेल. त्याच वर्षी आलेल्या होंडा सिटी हायब्रीडची बॅटरीही साधारण एवढीच. याउलट निव्वळ विजेवर चालणाऱ्या टाटा नेक्सॉनच्या मोठ्या बॅटरीत ४५ युनिटं मावतात. त्या गाडीत पट्ट्या उतरल्या तर काळजी करायलाच हवी, कारण तिथे बटवा आणि बँक एकच. आपल्या गाडीत तसं नाही. एवढीशी बॅटरी, मग ती भराभर उतरणार आणि भराभर चढणारच.

ती भरते कशी? पहिली वाट म्हणजे ब्रेक. साध्या गाडीत ब्रेक लावला की चाकांचा जोर घासून, तापून वाया जातो. या गाडीत पाय अॅक्सिलरेटरवरून काढला किंवा हलका ब्रेक दाबला की जी मोटर चाकं फिरवत होती, तीच उलटी कामाला लागून वीज तयार करते. दुसरी वाट म्हणजे इंजिन. पट्ट्या ठरावीक मर्यादेखाली गेल्या की इंजिन आपणहून सुरू होतं आणि बॅटरी भरतं. म्हणून या गाड्यांना चार्जिंगची वायर लावायची जागाच नसते. आमच्याकडे एकींनी हायब्रीड घेतल्यावर सोसायटीच्या सभेत चार्जिंग पॉइंटची मागणी केली होती. त्याची गरजच नव्हती.

आता त्या सिग्नलवर काय झालं ते बघा. गाडी उभी, इंजिन बंद, पण एसी बॅटरीवर सुरू. पट्ट्या उतरणारच. आणखी मिनिट-दोन मिनिटं गेली असती, तर इंजिनाने आपणहून घुर्र केलं असतं आणि पट्ट्या वर आल्या असत्या. भर उन्हात वडिलांचा एसी बंद करायची काहीच गरज नव्हती.

आणखी एक शंका हमखास येते. "आमची बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही, खराब आहे का?" नाही हो. बॅटरी काठोकाठ भरणं आणि तळाला जाणं, दोन्ही तिच्या तब्येतीला वाईट. म्हणून गाडी तिला मधल्या टप्प्यात खेळवत ठेवते. खालीवर थोडी जागा राखूनच ठेवलेली असते. पोटात थोडी जागा ठेवून जेवावं असं आजी सांगायची, तसंच.

पुण्याहून परत येताना याची दुसरी बाजू दिसते. खंडाळ्याचा घाट उतरताना पट्ट्या वर वर चढत जातात. त्या भरल्या की पाय अॅक्सिलरेटरवर नसतानाही इंजिनाचा आवाज वाढतो. बॅटरीत आता जागा नाही, म्हणून गाडी वेग आवरायला इंजिनाचा जोर वापरते. हा बिघाड नाही. लांब उतारावर गिअरच्या दांड्याजवळ 'बी' लिहिलेलं असेल तर ते लावावं. मात्र पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडायची जुनी खोड इथे अजिबात नको. ब्रेकवरचा ताण वाढतो आणि न्यूट्रलमध्ये बॅटरी भरतही नाही. ट्रॅफिकमध्ये उभं असतानाही न्यूट्रल नको, त्यापेक्षा ब्रेकवर पाय किंवा सरळ पार्किंग.

मग आपल्याकडे काम उरतं काय? चारच गोष्टी, पण लक्षात ठेवण्यासारख्या.

पहिली, पेट्रोल संपू देऊ नका. बॅटरीवर गाडी थोडंसं अंतर सरकेल, पण बॅटरी भरणारं इंजिनच उपाशी राहिलं तर पुढे सगळंच अडतं.

दुसरी, गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. हायब्रीडमध्ये मोठ्या बॅटरीखेरीज एक नेहमीची १२ व्होल्टची बॅटरीही असते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरूच होत नाही. आमच्या मैत्रिणीच्या गाडीचं नेमकं हेच झालं. भीतीपोटी तीन महिने उभी ठेवली आणि शेवटी खरोखरच बंद पडली! गावी जाणार असाल, तर घरी राहणाऱ्या कुणाला तरी आठवड्याला अर्धा तास गाडी फिरवायला सांगा.

तिसरी, बॅटरीला श्वास घेऊ द्या. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटजवळ एक जाळी असते. तिथून आतली गार हवा बॅटरीकडे जाते. आपण नेमकी तिथेच पिशवी नाहीतर चादर कोंबतो, मुलं चिवडा सांडतात. जाळी मोकळी आणि कोरडी ठेवा. आणि नारिंगी रंगाच्या वायरींना हात लावायचा नाही, हे घरातल्या मुलांना आणि गाडी धुणाऱ्यालाही सांगून ठेवा.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. इंजिनाचा आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं समजू नका. समोर 'रेडी' दिवा लागलेला असेल तर गाडी चालू आहे. पट्ट्या उतरल्या की इंजिन केव्हाही सुरू होऊ शकतं. बंद गॅरेजमध्ये अशी गाडी ठेवून कुणी आत बसलं तर धूर जिवावर बेतू शकतो. उतरताना बटण दाबून दिवा विझलेला बघा, मगच दार लावा.

जुनी हायब्रीड घेणार असाल तर बॅटरीच्या तपासणीचा कागद मागा. टोयोटा आणि मारुती या बॅटरीची हमी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. त्यातली किती शिल्लक आहे ते कार्डावर बघून घ्या. शिवाय काही गाड्यांवर 'स्मार्ट हायब्रीड' लिहिलेलं असतं. त्यांत बॅटरी इंजिनाला फक्त हात देते, गाडी निव्वळ तिच्यावर चालत नाही. किंमत आणि अॅव्हरेज दोन्हींत फरक पडतो, तेव्हा विचारून घ्या.

यंत्र हे बायकांचं क्षेत्र नाही, असं अजूनही म्हटलं जातं. त्यांना किर्लोस्करांची आठवण करून द्यावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. त्याच वाडीतून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक सुरू झालं आणि घराघरांतल्या बायका वाचू-लिहू लागल्या. जपानमध्ये टोयोटाची प्रियस ही हायब्रीड विक्रीला आली १९९७ मध्ये. त्याच वर्षी इथे टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी स्थापन झाली. आज तिच्या उपाध्यक्षपदावर मानसी टाटा आहेत, माहेरच्या किर्लोस्कर. नांगर आणि मासिक एकाच अंगणात वाढू शकतात, तर गाडीचा पडदा आपल्याला का वाचता येऊ नये?

कुकरच्या शिट्ट्या आपण मोजतो. सिलिंडर हलवून किती दिवस पुरेल ते सांगतो. वीजबिलात युनिटं वाढली की आपल्याच आधी लक्षात येतं. मग गाडी घ्यायला घरची मंडळी शोरूममध्ये निघाली, की तुम्हीही जा. कोपऱ्यात सरबत घेऊन बसू नका. चालकाच्या सीटवर बसा आणि विचारा, "ह्या पट्ट्या उतरल्या की काय करायचं?" उत्तर कळेपर्यंत उठू नका. ज्या बाईला 'काही करायचं नाही, गाडी चालवत राहायची' हे ठाऊक असतं, तिला किल्ली खिळ्यावर अडकवायला कुणी सांगू शकत नाही.