तिच्या मापाचं दार

माजावर आलेली उंदरीण नराजवळ जाते, वळते आणि पळत सुटते. चार उड्या, मग एकदम थांबणं. कान इतके झरझर थरथरतात की त्यांच्या कडाच दिसेनाशा होतात. नर मागून भिडला की ती पाठ खोलगट करून मान वर उचलते. क्षणभराचा संबंध, आणि ती पुन्हा पसार. असं अनेकदा चालतं.

लहान पिंजऱ्यात यातलं फारसं काही दिसत नाही, कारण पळायला जागाच नसते. त्यामुळे कितीतरी वर्षं प्रयोगशाळांच्या वह्यांत मोजमाप नराचं होत राहिलं. मादीच्या नावावर मुख्य रकाना एकच: तिनं पाठ वाकवली की नाही.

१९६१ साली गॉर्डन बर्मंट यांनी मादीच्या हाती कळ दिली. ती दाबली की नर आत येई, संबंध झाला की त्याला बाहेर काढत. नर नुसता चढून उतरला असेल तर ती लवकर कळ दाबे. प्रवेश झाला असेल तर अंमळ थांबे, आणि वीर्यस्खलनानंतर सर्वांत जास्त वेळ घेई. म्हणजे ज्याला आपण तिची नाखुशी समजत होतो, तो तिचा हिशेब होता.

१९७६मध्ये फ्रँक बीच यांनी मादीच्या वर्तनाचे तीन भाग पाडले: आकर्षकता, पुढाकार आणि स्वीकार. मधला शब्द मला फार मोलाचा वाटतो. दोनच वर्षांनी मार्था मॅक्लिंटॉक आणि नॉर्मन अ‍ॅडलर यांनी रानटी आणि पाळीव अशा दोन्ही उंदरांना ऐसपैस, निसर्गासारख्या जागेत सोडलं. तिथे संबंधांची लय मादीच धरते, हे स्पष्ट दिसलं.

या लयीला शरीरात कारण आहे. उंदरिणीचं ऋतुचक्र जेमतेम चार-पाच दिवसांचं. गर्भ टिकायचा तर प्रोजेस्टेरॉन चालू राहावं लागतं, आणि त्यासाठी संबंधातून मेंदूला पुरेसा इशारा मिळावा लागतो. तो मिळाला की प्रोलॅक्टिन पुढचे काही दिवस रोज दोनदा उसळतं. मादीनं स्वतः अंतर राखलं तर हा इशारा कमी संबंधांतही पुरा होतो.

आणि सुख? मेक्सिकोत राऊल पारेदेस आणि आलोन्सो यांनी १९९७मध्ये तेही तपासलं. आपल्या लयीनं संबंध केलेल्या माद्यांना त्यानंतर ज्या कप्प्यात ठेवलं, तो कप्पा पुढे त्यांच्या आवडीचा झाला. लय हिरावून घेतलेल्या माद्यांत ही ओढ दिसली नाही.

अशा प्रयोगांत पिंजऱ्याच्या मधोमध एक आडभिंत घालतात. तिला लहान भोकं असतात. मादी त्यांतून सहज जाते; अंगानं मोठा नर जाऊ शकत नाही. एवढंच साधन. आपल्याकडे उंदरांच्या प्रजननावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पुढचा प्रयोग आखताना पिंजऱ्यात ही भिंत जरूर घालावी.