पाटीवरचे नाव आणि पडद्यावरचे नाव

अचलपूर या गावालाच दोन नावे आहेत. इंग्रजी अमदानीच्या दप्तरांत ते एलिचपूर म्हणून आढळते आणि एल नावाच्या जैन राजाने ते वसविले, अशी परंपरागत समजूत आहे. बाजारपेठेतील जुन्या पाट्यांचेही काहीसे तसेच. पाटीवर पिता-पुत्रांचे किंवा दोन भावांचे जोडनाव असते. गादीवर मात्र नातू वा पणतू बसलेला असतो. पाटीवरील गृहस्थांना जाऊन दोन पिढ्या लोटल्या तरी बिले, पावत्या आणि उधारीचे तगादे त्यांच्याच नावाने निघतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

म्हणून घरातील मुलाने किंवा सुनेने मोबाईलवर एखादे गोंडस नाव घेऊन संत्री, पापड-लोणची वा साड्या विकायला आरंभ केला की, ‘आपले नाव असताना दुसऱ्याच नावाने व्यापार कशाला?’ हा ज्येष्ठांचा प्रश्न जरा तपासून घ्यावा लागतो. पेढीचे नाव हेही एका अर्थी टोपणनावच होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण जैन समाजाच्या घरातलेच आहे. शत्रुंजय, राणकपूर आदी तीर्थांचा कारभार पाहणारी अहमदाबादची शेठ आणंदजी कल्याणजी पेढी सर्वांना परिचित आहे. आणंदजी किंवा कल्याणजी नावाचे कोणी शेठ तिचे मालक नव्हते. आनंद आणि कल्याण या मंगल शब्दांनाच माणसाच्या नावाचे रूप देण्यात आले. तरीही त्या नावाच्या पावतीवर कोणी शंका घेत नाही. कारण नाव कल्पित असले तरी त्यामागचे विश्वस्त, हिशेब आणि पत्ता खरे आहेत.

जुन्या हुंडीव्यवहारातही हेच तत्त्व होते. शहाजोग हुंडीची रक्कम ‘शहा’ला, म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्यालाच द्यावयाची असे. पुढे हुंडी खोटी वा चोरीची निघाली तर पैसे कोणाकडे परत मागायचे, हे देणाऱ्याला ठाऊक असे. पेठेत प्रत्येक नावामागचा माणूस दहा जणांना माहीत होता.

पडद्यावर ही ओळख नाहीशी होते. चेन्नईच्या किंवा पुण्याच्या ग्राहकाला अचलपूरची पेठ कशी माहीत असणार? तिथे पेठेची जागा कायद्याने घेतली आहे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीपत्रात कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव यांसाठी दोन स्वतंत्र रकाने असतात. म्हणजे दुसरे नाव घेण्यास शासनाची हरकत नाही. मात्र ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे, मोठ्या संकेतस्थळामार्फत माल विकणाऱ्याने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि संपर्काचे तपशील त्या संकेतस्थळाला द्यावे लागतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि तिचे निवारण एका महिन्यात व्हावे, अशीही अट आहे. टोपणनाव घेतल्याने जबाबदारीही टळत नाही. स्वतःच्या नावाहून वेगळ्या नावाने व्यापार करणाऱ्यावर त्या व्यापारी नावाने दावा लावता येतो, ही तरतूद १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतच आहे.

व्यवहारातील खरी अडचण बँकेच्या दारी येते. दुकानाच्या नावाने आलेला धनादेश सुनेच्या बचत खात्यात जमा होत नाही. राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या सूचनेप्रमाणे ३० जून २०२५ नंतर यूपीआय करताना, पैसे देणाऱ्याला खातेदाराचे बँकेत नोंदलेले नावच दिसले पाहिजे. जाहिरातीत एक नाव आणि पैसे देताना भलतेच नाव दिसले की ग्राहक बिचकतो, आणि त्यात त्याची चूक नाही. शिवाय सगळी विक्री बचत खात्यात जिरली तर उद्या कॅश क्रेडिट मागताना उलाढाल दाखवायची कशी? त्यापेक्षा उद्यम नोंदणी आणि ‘गुमास्ता’ हे दोन कागद प्रथम करावेत आणि त्यांच्या आधारे व्यापारी नावाने चालू खाते उघडावे. उद्यम नोंदणीला शुल्क नाही. तरीही मध्यस्थाला पैसे मोजणारे पुष्कळ भेटतात.

टोपणनावाचे एक कारण मात्र ज्येष्ठांनी समजून घेण्याजोगे आहे. घरून व्यवसाय करणाऱ्या स्त्रीचे पूर्ण नाव आणि घरचा मोबाईल क्रमांक चारचौघांच्या हाती गेला की रात्री-अपरात्री नको ते फोन सुरू होतात. तिने दुसरे नाव घेतले तर ती लपवाछपवी नव्हे. वेष्टनावर नाव-पत्ता हवाच. पण तो दुकानाचा असू शकतो, आणि तक्रारीसाठी दुकानाचाच फोन देता येतो. सासरच्या पेढीने एवढा आधार द्यायला हरकत नसावी.

याउलट, काही नावे घेणे हा उघड अपराध आहे. प्रसिद्ध दुकानाच्या नावात एखादे अक्षर बदलून त्याचे ग्राहक ओढणे, किंवा ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्याच मालाची स्तुती लिहिणे. दुसऱ्या प्रकाराला २०२० च्या नियमांत स्पष्ट मनाई आहे. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याच्या नावाने फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. श्रावकाच्या अणुव्रतांच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आणि प्रतिरूपकव्यवहार हे शब्द फार पूर्वीपासून आहेत; खोटा लेख आणि नकली माल, दोन्ही त्यांत आले.

अचलपूरच्या एखाद्या घरातून उद्या संत्र्याची पेटी परगावी निघाली तर तिच्यावर नाव कोणतेही रंगवावे. पेटी नासकी निघाल्यास ग्राहकाचा फोन दुकानातील कोण उचलणार, हे मात्र ती निघण्यापूर्वी घरात ठरलेले असावे, आणि तो क्रमांक पेटीवर वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापलेला असावा.