नातवाचा राउटर आणि आजोबांची डॉक्टरभेट

पडद्यावरून डॉक्टरांशी होणारी भेट आता अनेक ज्येष्ठांच्या दिनक्रमात रुळली आहे. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकीय सल्ल्याची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या देशात जाहीर झाली, तेव्हापासून अशा सल्ल्याला रीतसर चौकटही मिळाली. मात्र ऐन भेटीत चित्र थिजले, तर पायांवरची सूज, जखमेचा रंग, श्वासाची लय यांपैकी काहीच डॉक्टरांना नीट दिसत नाही.

ज्यांना कमी ऐकू येते, त्यांची अडचण याहून मोठी. ही मंडळी बरेचसे शब्द समोरच्याच्या ओठांवरून जुळवून घेत असतात. आवाज आधी आणि ओठांची हालचाल नंतर असे होऊ लागले, की बोलण्याचा धागा सुटतो. मग घरात म्हटले जाते, ‘हल्ली आजोबांना अगदीच ऐकू येईनासे झाले आहे!’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्यांच्याशी समोरासमोर बसून बोलून पाहावे. तेव्हाही शब्द निसटत असतील, तर कानांची तपासणी अवश्य करावी. नसतील, तर तपासणी राउटरची करायला हवी.

नवल असे, की नातवाने खेळांसाठी घेतलेला, चार-सहा अँटेनांचा महागडा राउटर असलेल्या घरांतही हे घडते. किंबहुना तिथे त्याला एक खास कारण असते. अशा राउटरमध्ये ‘क्यूओएस’ नावाची प्राधान्याची सोय असते आणि पहिला मान खेळाच्या संगणकाला दिलेला असतो. प्रत्यक्ष खेळाला फारसा डेटा लागत नाही. पण त्याच खेळाची नवी आवृत्ती उतरवायची झाली, तर ती कित्येक जीबींची असू शकते. तीही त्याच संगणकावर येत असल्याने मानाच्या रांगेतूनच येते. पंगतीत एकाच पानावर वाढत राहावे आणि बाकीच्यांनी ताटकळत बसावे, तसा हा प्रकार. नातवाला सांगून आजोबांच्या टॅबलेटलाही त्या यादीत वरचे स्थान द्यावे आणि मोठी डाउनलोड्स रात्री लावावीत.

याच सोयीत आणखी एक खोच आहे. काही राउटरमध्ये आपल्या जोडणीचा वेग हाताने भरावा लागतो. पूर्वी तिथे ४० एमबीपीएस भरलेले असेल आणि पुढे आपण २०० चा प्लॅन घेतला असेल, तरी राउटर ४० वरच अडून राहतो. पैसे वाढतात, वेग वाढत नाही. चित्रसंवादाला साधारण २ ते ४ एमबीपीएस पुरतात, येताना आणि जातानाही. म्हणून मोठा प्लॅन घेण्याची घाई करू नये.

दोष नेमका कुठे आहे हे ओळखायला एक साधी कसोटी आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग मोजावा. तिथेही तो कमी भरला, तर एकदा राउटर बंद करून सुरू करावा, केबल बदलून पाहावी. केबलमध्ये आठ तारा असतात; त्यांतली एखादी तुटली, तर वेग १०० एमबीपीएसपर्यंत घसरू शकतो. तरीही फरक पडला नाही, तर सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार करावी. केबलवर वेग पुरेसा आणि वायफायवर कमी असेल, तर अडचण घरातलीच.

मग भिंती मोजाव्यात. राउटरच्या जवळ ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण भिंतींपलीकडे तो लवकर क्षीण होतो. दूरच्या खोलीत २.४ चा पट्टा बहुधा अधिक टिकतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची पेटी यांच्या आडोशाला राउटर ठेवू नये. धूळ बसू नये म्हणून त्यावर क्रोशाचा रुमाल घालणारी हौशी घरेही आहेत. राउटर तापतो, त्याला मोकळी हवा लागते. तो रुमाल दुसरीकडे शोभेल.

आजोबांच्या खोलीपर्यंत केबल नेणे हा उत्तम उपाय, पण ती भिंतीच्या कडेने पट्टीत बसवून न्यावी. चालण्याच्या वाटेवर लोळणारी केबल म्हणजे रात्री शौचालयाला उठणाऱ्या माणसासाठी सापळा आहे. वेगवान इंटरनेटपायी खुब्याचे हाड मोडून घेणे कोणालाच परवडणार नाही.

वीज जाते तिथे बॅटरीचा आधार घ्यावा. फायबरची जोडणी असेल, तर राउटर आणि कंपनीची पेटी अशा दोन्हींना तो लागतो. एकालाच दिला, तर उपयोग नाही. आणि छातीत दुखणे, एकाएकी धाप लागणे, तोंड वाकडे होणे असे काही दिसले, तर पडद्यावरच्या भेटीची वाट न पाहता साध्या फोनवरून १०८ फिरवावा.