गेली एकदाची घाण!

दिवाळीआधी आमच्या घरचा माळा रिकामा होतो. यंदा त्यातून मोडकी शेगडी, दोन पितळी नळ आणि सासऱ्यांचा मुका झालेला रेडिओ निघाला. भंगारवाल्याने सारे काट्यावर चढवले, पैसे मोजले नि तो चालता झाला. "गेली एकदाची घाण!" सौ. म्हणाली. मला मात्र ब्राझीलमधले गोयानिया शहर आठवले.

सप्टेंबर १९८७ ची गोष्ट. तिथल्या एका सोडून दिलेल्या किरणोपचार केंद्रातल्या यंत्राचा भाग दोघांनी भंगारात विकायला काढून नेला आणि आतल्या कुपीला भोक पाडले. ज्या भंगारवाल्याने तो घेतला, त्याला रात्री त्यात निळसर उजेड दिसला. केवढे अप्रूप! तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे आप्तेष्टांत वाटले गेले. काहींनी ती पूड अंगालाही चोळली. पूड होती किरणोत्सारी सीझियमची, सुमारे ९३ ग्रॅम.

माणसे आजारी पडू लागली तेव्हा संशय आला तो भंगारवाल्याच्या बायकोला. ती वस्तू पिशवीत घालून, बसने, तिने आरोग्य कार्यालयात पोचवली. पुष्कळांचे प्राण त्यामुळे वाचले. तिचे वाचले नाहीत. ऑक्टोबरात चौघे दगावले, त्यांत सहा वर्षांची एक मुलगीही होती.

मग सुरू झाली सफाई. पण ही धूळ जाळली तर धुरात जाते, धुतली तर पाण्यात! ती नाहीशी करता येत नाही, फक्त हलवता येते. भिंतींचे रंग खरवडले, छपरे धुतली, दोन घरांची तर उतरवलीच. जमिनींना आम्ल आणि प्रशियन ब्लू लावला. चित्रकाराच्या पेटीतला हा निळा रंग सीझियमला धरून ठेवतो, म्हणून रोग्यांनाही तोच पोटात दिला. चिकणमातीलाही सीझियम असेच घट्ट बिलगते आणि फारसे खोल उतरत नाही. त्यामुळे मातीचा वरचा थर काढून नेता आला. सात घरे मात्र पाडावीच लागली.

माझे मन अडते ते घरातल्या सामानापाशी. एकेक वस्तू बाहेर आणून तपासली जाई. स्वच्छ असेल ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची. सहज साफ होण्यासारखी नसेल ती कचऱ्यात. अपवाद दागिन्यांचा, आणि ज्यांत घरच्यांचा जीव अडकला आहे अशा वस्तूंचा. त्यांच्यासाठी जास्त खटपट करायची. सरकारी कामात 'जीव अडकणे' हा निकष मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही!

त्या ९३ ग्रॅमांपायी सुमारे ३,५०० घनमीटर कचरा निघाला. आता तो शहराजवळ, अबादिया दि गोयास येथे पुरलेला आहे. या सीझियमचे अर्धायुष्य तीस वर्षांचे. म्हणजे २०१७ साली ते निम्मे झाले. बरेचसे अजून आहेच.

परवा कोपऱ्यावरच्या भंगाराच्या दुकानात डोकावलो. रेडिओची चौकशी केली.

"तोडला, साहेब. तांबं वेगळं काढलं."

"आणि बाकीचा?"

"तो पुढं गेला."

कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हते.